विहीर काय म्हणते

बुडूक... बुडूक...

सर्जेरावाच्या डाव्या कानामागं हा आवाज लहानपणापासून राहायला आला होता.

ऐकला होता तो एकदाच. पोहायला शिकत होता तेव्हा. पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला, नाकातोंडात पाणी, वर विहिरीच्या तोंडाएवढंच गोल आभाळ. आणि कानामागं कुणीतरी सावकाश घोट घेत असल्यासारखं... बुडूक... बुडूक...

"तात्या, विहीर काय म्हणते?" त्यानं पाय मारता मारता विचारलं होतं.

"तुझं नाव विचारते," तात्या म्हणाले होते. "सांग की तिला."

मग पोरगं छाती फुटेस्तोवर ओरडलं होतं, "सर्जेराव! सर्जेराव!" आणि विहिरीनं ते नाव दगडी भिंतींवर आपटून आपटून परत दिलं होतं.

आता ते पोरगं चांगलं थोराड झालं होतं. मिशा आल्या होत्या, लग्न झालं होतं. आणि आज ते तात्यांच्या अंगणात मान खाली घालून उभं होतं.

"तात्या, माझ्यानं न्हाई व्हायचं. दुसरा कोण तरी बघा."

केरबातात्या कडुलिंबाच्या सावलीत बसून भोपळ्याला एरंडेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय न्हाई व्हायचं?"

"शिकवायचं."

"बरं..." तात्या म्हणाले, आणि भोपळा फिरवून दुसऱ्या बाजूनं चोळू लागले.

केरबातात्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं असं नाही. शेत होतं, म्हैस होती, संसार होता. पण उन्हाळा लागला की गावाच्या माळाकडच्या मोठ्या विहिरीवर ते आणि त्यांचे भोपळे हजर. गावात ज्याला पोहता येई, त्याला ते तात्यांनी शिकवलेलं असे. आजा तात्यांकडं शिकला, बापही शिकला, आता नातू शिकत होता. वाळलेला कडू भोपळा पोराच्या पाठीला बांधायचा, पाण्यात सोडायचं, आणि आपण मागं राहायचं. एवढीच त्यांची शाळा.

पण यंदा थंडीत तात्यांना दम्यानं आणि पायाच्या सुजेनं पार खाली बसवलं. डाक्टरनं पाण्यात उतरायचं नाही म्हणून सांगितलं. शिमगा झाल्यावर एक दिवस तात्यांनी भोपळ्यांची माळच सर्जेरावाच्या गळ्यात घातली.

"यंदा तू."

सर्जेरावाला दुसरं काय हवं होतं? पंचक्रोशीत त्याच्यासारखा सूर मारणारा नव्हता. विहिरीवर पूर्वी मोटेचं पाणी पडायचं ते उंच दगडी थारोळं होतं. तिथून तो उडी घेई तेव्हा पाण्याला खरचटतसुद्धा नसे. बायका घागरी खाली ठेवून बघत.

तो गळ्यातले भोपळे वाजवत घरी गेला होता.

पहिले काही दिवस त्यानं तात्या व्हायचं ठरवलं.

तात्या ज्या पायरीवर बसत, त्याच पायरीवर तो बसला. खांद्यावर तसंच उपरणं टाकलं. आवाज जरा खाली आणून, शब्द ओढत, तात्यांचंच वाक्य म्हणाला, "पाण्याला मारू नगंस, पोरा... पाण्याला थापट..."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग त्यातलं एक कारटं म्हणालं, "तात्या खोकतात तसं बी खोका की!"

विहीरभर हसू पसरलं. दुसऱ्या दिवसापासून सर्जेराव दिसला की सगळी पोरं तोंडावर हात ठेवून खोकायची.

मग त्यानं उपरणं काढून टाकलं. थारोळ्यावर उभा राहिला. छाती पुढं, हात कमरेवर.

"आजपासनं मला वस्ताद म्हणायचं. काय?"

"वस्ताद," पोरं म्हणाली.

"मोठ्यानं!"

"वस्ताद!"

वस्तादानं सूर मारून दाखवला. मुटका मारून दाखवला. पाण्याखालून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन दाखवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, "आणखी एक, वस्ताद, आणखी एक!" म्हणाली. सगळी पायऱ्यांवर बसून बघायची. पाण्यात कुणी उतरेना.

त्याचा त्याला राग आला. आणि त्या रागात हौशी सापडली.

हौशी ही तानूबाईची पोर. घर नदीच्या काठाला. तानूबाई रोज नावेतून पलीकडच्या मळ्यात कामाला जाई, आणि पोरीला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून ती पण आईबरोबर नावेत. पावसाळ्यात नदी फुगली की नाव कशी हेलकावे खाते, हे तानूबाईला ठाऊक होतं. म्हणून तिनं पोरीला विहिरीवर आणून घातलं होतं. "पाऊस लागायच्या आत हिला पोहता आलं पायजे," म्हणाली होती.

पोर धीट होती. भोपळा बांधून विहिरीत मजेत डुंबत होती. डुंबतच राहिली होती. त्या दिवशी वस्ताद तिच्यावर ओरडला, "भोपळ्यावर किती दिस बसणार? मी तुझ्याएवढा होतो तेव्हा भोपळा फेकून दिला होता!"

आणि त्यानं तिच्या पाठीची गाठ ओढली.

पोर सरळ खाली गेली.

सर्जेरावानं तिला लगेच वर काढलं, त्यात काही वाद नाही. पण वर आल्यावर ती रडली नाही. खोकली, पाणी ओकली, आणि त्याच्याकडं नुसती बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून हौशी रोज विहिरीवर यायची, पाठीला भोपळा बांधून, सगळ्यांत वरच्या पायरीवर बसायची. पाण्यात पाय घालायची नाही. पोरं घरी निघाली की तीही निघायची, भोपळ्यासकट.

आज सकाळी तानूबाई सर्जेरावाच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पोरगी भोपळा काढंना झालीया," ती म्हणाली. "जेवताना पाठीला. झोपताना कुशीला. नावेत बसली तरी हात मागं, भोपळ्यावर."

सर्जेरावानं नजर खुंटीवरच्या भोपळ्यांकडं वळवली.

"मला बी तात्यांनीच शिकवलं. माझा भोपळा कवा सुटला, मला कळलंसुदिक न्हाई. आणि माझ्या पोरीला पाण्याचं भ्या नव्हतं, सर्जेराव. ते तू घातलंस."

एवढं बोलून ती नावेची वेळ झाली म्हणून निघून गेली. आणि सर्जेराव खुंटीवरचे भोपळे काढून थेट तात्यांच्या अंगणात आला होता.

"घ्या हे," तो म्हणाला.

तात्यांनी भोपळ्यांकडं बघितलं. घेतले नाहीत.

"तात्या, मी तुमच्यासारखा बोललो, तर पोरं हसली. वस्तादासारखा बोललो, तर पोरं भ्याली. आता कुणासारखा बोलू? पोहायला येतं मला. सूर येतो, मुटका येतो. ह्यातलं शिकवायला काय बी उपयोगी पडंना. मग मी हाय तरी कोण?"

तात्यांनी हातातला भोपळा बाजूला ठेवला. हात धोतराला पुसले.

"बस."

तो बसला.

"तू कसा शिकलास रं?"

एवढ्या दुःखातही सर्जेरावाचा चेहरा जरा उजळला. ही गोष्ट त्यानं पारावर सांगितली होती, सासुरवाडीला सांगितली होती, ऊसतोडीच्या फडात सांगितली होती. तात्यांसमोर तर कितीदा तरी.

"तुम्हाला ठावं हाय की. हौशीएवढा होतो. सगळी पोरं भोपळा धरून रडायची. मी एक दिस पोहत पोहत पार पल्याडच्या भिंतीला गेलो, परत आलो, आणि मग भोपळा..."

"फेकलास," तात्या म्हणाले.

"फेकला!"

"कुठं?"

"...आं?"

"कुठं फेकलास?"

"पाण्यात. विहिरीत."

"मग गाठ कुणी सोडली?"

सर्जेरावाचा हात आपल्या पाठीकडं गेला. गाठ पाठीवर होती. तात्यांची गाठ. ओली झाली की मोठ्या माणसाला दातानं सोडवावी लागायची.

"...माझी मीच सोडली असंल."

"असंल," तात्या म्हणाले.

कडुलिंबावर कावळा बसला होता. तो उडून गेला.

तात्या काठीवर भार देऊन उठले. वळचणीला हात घातला आणि तिथं टांगलेला एक भोपळा काढला. लहानसा, जुना, तेल पिऊन पिऊन काळा पडलेला. हलवला तर आत बिया खुळखुळल्या. त्यांनी तो सर्जेरावाच्या मांडीवर ठेवला.

"हा बांध तिला."

सर्जेरावानं भोपळा हातात फिरवला. फिरवता फिरवता त्याचं बोट एका जागी थांबलं.

"तात्या, ह्याला भोक हाय."

"हाय."

"उंदरानं पाडलं?"

"दाभणानं."

"कुणी?"

तात्यांनी आपल्याच बोटांकडं बघितलं.

"अवो, पण आत पाणी शिरंल. बुडंल की पोरगी!"

"तू बुडालास?"

अंगणाच्या कडेला म्हशीची दगडी डोण होती, काठोकाठ भरलेली. तात्यांनी काठीनं तिकडं नुसतं दाखवलं.

सर्जेराव उठला. डोणीपाशी गुडघे टेकून बसला. दोन्ही हातांनी भोपळा पाण्याखाली दाबला.

आधी काहीच झालं नाही.

मग...

बुडूक... बुडूक...

तो तसाच राहिला. हात पाण्यात, कान पाण्याजवळ. भोपळा सावकाश पाणी पीत होता. पिऊन पिऊन तो गप्प झाला, तेव्हा सर्जेरावानं हात सैल केले. भोपळा वर आला नाही. खालीही गेला नाही. पाण्यात नुसता राहिला, पाण्यासारखाच.

म्हैस पाणी प्यायला आली आणि माणूस बघून मागं सरली.

"तात्या..."

"हं."

"त्या दिशी हा होता माझ्या पाठीला?"

"हाच होता."

"म्हंजे भोपळा मला धरून नव्हता."

"न्हाई."

"मग कोण धरून होतं?"

"कुणीच न्हाई."

"तुम्ही?"

"मी मागं होतो," तात्या म्हणाले. "धरलं नव्हतं."

सर्जेरावानं ओल्या हातांनी तोंड पुसलं.

"आणि गाठ तुम्ही सोडलीसा. पाण्यातच. म्हणून तानूबाईला बी कळलं न्हाई, कवा सुटला ते..." त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "अवो तात्या! मी गावभर सांगत फिरलो, माझा मी शिकलो म्हणून! तुमच्या तोंडावर सांगितलं! आणि तुम्ही मान डोलवत बसायचा!"

"गोष्ट चांगली सांगतोस तू."

"चेष्टा नगा करू! एकदा तरी बोलायचं होतं."

"काय बोलायचं?"

"खरं काय ते!"

तात्या जरा हसले. हसताना त्यांना दम लागला, म्हणून थांबले, आणि मग सावकाश म्हणाले, "त्या गोष्टीवर तू किती वर्षं झकास तरंगत हुतास, सर्जा. मी कशाला भोक पाडू?"

सर्जेरावाच्या डोळ्यांपुढं एकेक उन्हाळा येऊ लागला. थारोळ्यावरून आपण उडी मारतोय, बायका बघतायत, पोरं ओरडतायत, आणि खाली पायरीवर तात्या बसलेत, भोपळे उलटेपालटे करत. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. त्यानंही कधी बघितलं नव्हतं.

तो तात्यांच्या जवळ गेला, खाली वाकला आणि त्यांच्या सुजलेल्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच.

"अरं, अरं, ऊठ," तात्या पाय मागं घेत म्हणाले. "पायाला पाणी लावू नगं म्हणलाय डाक्टर."

सर्जेरावाला रडता रडता हसू फुटलं. त्यानं आपल्या सदऱ्याच्या टोकानं तात्यांचे पाय नीट, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. पुसायला तसं फारसं काही नव्हतं, तरी त्यानं बराच वेळ लावला. तात्यांनीही मग पाय मागं घेतले नाहीत.

निघताना त्यानं सगळे भोपळे परत गळ्यात घातले. काळा भोपळा वेगळा, काखेत धरला. फाटकापाशी जाऊन परत फिरला.

"तात्या, ती इचारंल. मी इचारलं हुतं तसं. विहीर काय म्हणते म्हणून."

"इचारंल."

"मग सांगू? नाव इचारते म्हणून?"

तात्या आपल्या जागेवर बसले होते. अर्धा चोळलेला भोपळा त्यांनी परत मांडीवर घेतला.

"ते मी सांगितलं हुतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं अजून कोवळी होती तेव्हा सर्जेराव विहिरीवर गेला. थारोळ्याकडं गेला नाही. पोरं आली, त्यातल्या दोघातिघांनी सवयीनं खोकून दाखवलं. त्यानं एकदा त्यांच्याहून मोठ्यानं खोकून दाखवलं. पोरं चपापली. मग हसली. मग त्यांचं त्यांनाच कंटाळवाणं झालं आणि ती पलीकडच्या आंब्याखाली कैऱ्या शोधायला पळाली.

हौशी वरच्या पायरीवर होती. पाठीला भोपळा.

सर्जेराव तिच्या खालच्या पायरीवर बसला. मान वळवली नाही. पाण्याकडं बघत म्हणाला, "त्या दिशी मी चुकलो."

"व्हय," हौशी म्हणाली.

"तुला विचारल्याबिगार गाठ वडली."

"व्हय."

"लई पाणी गेलं का गं नाकात?"

"लई."

सर्जेराव उगाच पायाच्या बोटांनी शेवाळ खरवडत राहिला. तेवढ्यात वर काठीचा आवाज झाला. तात्या आले होते. थारोळ्यावर, सावली बघून, टेकले. एकदा खोकले. हे खोकणं खरं होतं.

हौशीनं वर बघितलं, मग खाली बघितलं.

"त्यो कुणाचा भोपळा?" ती म्हणाली. सर्जेरावाच्या काखेत काळा भोपळा होता.

"तात्यांचा. जुना हाय."

"ह्याच्यावर कोण शिकलं?"

"मी."

"आणि?"

सर्जेरावानं वर बघितलं. तात्यांनी होय म्हणून मान हलवली.

"आणि तुझी आई."

हौशीनं हात पुढं केला. भोपळा घेतला, हलवून बघितला, बिया वाजल्या. तिनं पाठीचा भोपळा सोडायला सर्जेरावापुढं पाठ केली. त्या लहान पाठीवर दोरीचे वळ उमटले होते. सर्जेरावानं गाठ सोडली, काळा भोपळा बांधला. भोक खालच्या अंगाला घेतलं.

"आणखी आवळ," हौशी म्हणाली.

त्यानं आवळलं.

आधी तो पाण्यात उतरला. उडी न मारता, म्हातारा माणूस उतरतो तसा, पायरीपायरीनं. मग ती उतरली. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. थांबली. कमरेपर्यंत. परत थांबली. तिचे दात वाजत होते, पाणी काही एवढं गार नव्हतं.

"वस्ताद..."

"वस्ताद ऱ्हाऊ दे."

"मग काय म्हणू?"

"आलं तोंडाला ते म्हण."

तिनं डोळे मिटले आणि स्वतःला पाण्यावर टाकलं.

सर्जेराव मागं राहिला. आजवर तो कधी कुणाच्या मागं पोहला नव्हता. मागं राहायला पुढं जाण्यापेक्षा जास्त दम लागतो, हे त्याला त्या सकाळी कळलं. हात आपोआप पुढं जायचे, तिच्या पोटाखाली. तो ते मागं घ्यायचा. परत जायचे. परत घ्यायचा.

"मामा, हाईस न्हवं?" हौशी ओरडली. आलं तोंडाला ते आलं होतं.

"हाय."

"कुठं?"

"मागं."

"धरलंयस न्हवं?"

"मागं हाय गं. पाय मार."

पाय मारले जात होते. वेडेवाकडे, धसमुसळे, पण मारले जात होते. विहिरीच्या मध्यावर काळं पाणी सुरू होतं. तिथंच त्या दिवशी ती खाली गेली होती. ती तिथं आली आणि तिचे हात एकदम आखडले. सर्जेरावाचे हात परत पुढं झाले.

आणि तेव्हा...

बुडूक... बुडूक...

हौशीनं कान टवकारले. घाबरायचं राहूनच गेलं.

"मामा! विहीर काय म्हणते?"

सर्जेरावाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. एवढी वर्षं सांभाळून ठेवलेलं. वर थारोळ्यावर तात्यांचं खोकणं थांबलं होतं.

बुडूक...

"मला बी कधी नीट कळलं न्हाई गं," सर्जेराव म्हणाला. "तुला कळलं तर मला सांग."

हौशी ऐकू लागली. ऐकता ऐकता तिचे हात सुटले, पाय परत हलू लागले. बुडूक... बुडूक... ती तोंड वर धरून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. शाळेत न येणारं गणित ऐकावं तसं.

मग तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"कळलं!"

"काय म्हणते?"

"फुडं... फुडं... म्हणते!"

आणि ती पुढं गेली.

भोपळा हळूहळू गप्प झाला. पल्याडची भिंत आली. तिनं भिंतीच्या दगडाला हात लावला, वळली, आणि कुणी न सांगता परत निघाली. "फुडं, फुडं, फुडं," स्वतःशीच म्हणत. सर्जेरावानं मागून पाण्याखाली हात घातला. गाठ फुगली होती. त्यानं बुडी मारली, दातानं गाठ धरली आणि सोडवली.

भोपळा तिच्या पाठीवरून सरकला आणि पाण्यात मागं राहिला.

तिला कळलं नाही. ती पाणी थापटत पायरीपर्यंत गेली. आठवण झाल्यासारखी एकदा दगडाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग वर चढली. परकर पिळला. केस झटकले. भिंतीवर काढून ठेवलेलं पोलकं अंगात घातलं, बटणं वरखाली लावली. तिचा हात एकदासुद्धा पाठीकडं गेला नाही.

ती तात्यांच्या जवळून गेली. त्यांच्याकडं बघितलं नाही. विहिरीतही वाकून बघितलं नाही. कसल्या तरी मोठ्या कामाला निघाल्यासारखी ती बांधावर चढली आणि उसाच्या कडेकडेनं नदीच्या वाटेला लागली.

सर्जेराव पाण्यातच उभा होता. एका हाताखाली भोपळा. तो तोंड वर करून वाट बघत राहिला. विहिरीच्या कडेवर डोकं काही आलं नाही.

"तात्या, गेली का?"

"चाललीया."

"काय बोलली न्हाई."

"न्हाई."

"मागं बी बघितलं न्हाई?"

तात्यांनी डोळ्यांवर हात धरून बांधाकडं बघितलं. पोर लहान लहान होत चालली होती. पाठ मोकळी होती आणि उन्हात वाळत होती.

सर्जेराव पायऱ्या चढून वर आला. तात्यांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं म्हणून तो तात्यांच्या पायांपासून जरा लांब सरकला. दोघंही तिकडंच बघत राहिले.

"तात्या... मी बी असाच गेलो हुतो?"

तात्यांनी काठी उचलून सर्जेरावाच्या हातातल्या भोपळ्याला हलकेच टेकवली.

"हा पालथा घाला, सर्जेराव. पाणी निथळू द्या."